मिश्र फिश टँकमध्ये औषध कसं द्यावं: बाटली उघडण्याआधीपासून कोर्स संपेपर्यंत

एक मासा दगडावर अंग घासायला लागतो, दुसऱ्याच्या शेपटीवर पांढरे दाणे दिसतात, आणि घरातल्या कुणाचा तरी हात टँकखालच्या कपाटातल्या बाटलीकडे जातो. अंदाजाने दहा-बारा थेंब पडतात, पाण्याला रंग चढतो, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. दोन दिवसांनी आजारी एंजल आहे तसाच असतो आणि कालपर्यंत धडधाकट असलेला लोच तळाशी आडवा पडलेला सापडतो.

मिश्र टँकमध्ये औषध एका माशाला देता येत नाही, ते सगळ्या पाण्याला दिलं जातं. त्या पाण्यात टेट्रा आहेत, कोरी आहेत, गोगलगायी आहेत, झाडं आहेत आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणूही आहेत. डोस सगळ्यांनाच बसतो. म्हणून कोणतं औषध हा प्रश्न क्रमाने बराच नंतर येतो. पुढच्या पायऱ्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘व्हाइट स्पॉट’ किंवा ‘इक’, समोर ठेवून लिहिल्या आहेत. मिश्र टँकमध्ये सगळ्यात जास्त औषध याच्यासाठी पडतं आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

पायरी १: बाटली बंद ठेवा, पाणी तपासा

मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत असतील, कल्ले भराभर हलत असतील, बरेच मासे एकाच दिवशी सुस्तावले असतील, तर आधी पाण्यावर संशय घ्या. रोग सहसा एकदोघांपासून सुरू होतो. पाणी बिघडलं की सगळ्यांना एकदम त्रास होतो.

तपासायच्या गोष्टी चार: अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि तापमान. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं टेस्ट किट भरवशाचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. काहीही दिसलं तरी आज औषध नाही. एक तृतीयांश पाणी बदला, खाणं बंद करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. पीएच जितका वर तितका तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो, त्यामुळे बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्यांनी इथे ढिलाई करू नये.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अँटी-क्लोरीनने बादलीतच मारा, टँकमध्ये नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास वाढला, तर त्या दिवसांत थेंब मोजूनच घाला.

तपासा: मागच्या दोन आठवड्यांत नवा मासा आला का? हीटर बंद पडला का? फिल्टरचे सगळे स्पंज एकाच दिवशी नळाखाली धुतले का? निम्म्या ‘आजारां’चं उत्तर इथेच मिळतं.

पायरी २: रोग ओळखा, निदान अंदाज तरी नीट करा

टँकचा दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरपा मारून मासा पाहा. समोरून उजेड मारला तर अर्ध्या गोष्टी दिसत नाहीत.

व्हाइट स्पॉटचे दाणे मिठाच्या बारीक खड्यासारखे, सुटे सुटे, आणि मोजता येतील असे असतात. पर आणि शेपटीवर आधी दिसतात. मासा अंग घासतो. अंगावर सोनेरी-पिवळसर धूळ भुरभुरल्यासारखी दिसत असेल तर तो व्हेल्वेट, परोपजीवीचाच दुसरा रोग. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला रांगेत आलेले पांढरे दाणे हा रोग नाही, ती प्रजननकाळाची खूण आहे. त्यासाठी बिचाऱ्याला औषधात बुडवू नका.

सगळ्यात महागात पडणारी गल्लत पांढऱ्या कापसाची. जखमेवर उगवलेला, तंतू सुटे दिसणारा कापूस ही बहुधा बुरशी. पण तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगीर घातल्यासारखा करडा-पांढरा पट्टा वेगाने पसरत असेल तर तो कॉलमनॅरिस, म्हणजे जिवाणूंचा संसर्ग. व्हाइट स्पॉटमध्ये तापमान वाढवल्याने मदत होते. कॉलमनॅरिसमध्ये तापमान वाढवलं तर रोग आणखी वेगाने पसरतो आणि एकदोन दिवसांत मासा जातो. फरक कळत नसेल तर हीटरला हात लावू नका.

खवले उभे राहून मासा फुगला असेल तर आतले अवयव बिघडलेले असतात. त्याला वेगळं काढा. सगळ्या टँकमध्ये औषध टाकून त्याचा फायदा होत नाही.

पायरी ३: मोठ्या टँकमध्ये द्यायचं की वेगळ्या टबात?

नियम सोपा आहे. रोगाचा कारक पाण्यात आणि खडीत पसरलेला असेल, तर उपचार मोठ्या टँकमध्ये. व्हाइट स्पॉट आणि व्हेल्वेट यात येतात. एकच मासा उचलून वेगळा केला तरी खडीतली पिलावळ तिथेच राहते. जखम, बुरशी, फुगलेलं पोट, शेपटी सडणं असे एकट्यादुकट्याचे आजार वेगळ्या टबात.

टब म्हणजे फार काही नाही. वीस लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा टब, ज्यात साबण किंवा फिनाइल कधीच पडलेलं नाही असा. मोठ्या टँकमधलंच पाणी, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, लहान हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. खडी नको. तो स्पंज एरवी मोठ्या टँकच्या कोपऱ्यात चालू ठेवला तर त्यात जिवाणू तयार असतात आणि ऐन वेळी टबातला अमोनिया चढत नाही.

मिथिलिन ब्लूबद्दल स्पष्ट सांगतो: ते मोठ्या टँकमध्ये टाकू नका. बुरशी आणि अंड्यांसाठी ते चांगलं आहे, पण फिल्टरमधले जिवाणू मारतं, झाडं खराब करतं आणि काचेच्या जोडांतलं सिलिकॉन कायमचं निळं करून ठेवतं. त्याची जागा टबात.

पायरी ४: टँकमध्ये कोण कोण राहतं, त्याची यादी लिहा

खरंच कागदावर लिहा. मग प्रत्येकासमोर खूण करा.

क्लाऊन लोच, कुहली लोच यांना खवले अगदी बारीक, जवळपास नसल्यासारखे. कोरी आणि इतर कॅटफिशना खवलेच नाहीत. मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मालिन आणि तांब्याची औषधं, म्हणजे व्हाइट स्पॉटच्या बाटल्यांत सहसा असतात ती, यांना लवकर बाधतात. निऑन, कार्डिनल आणि बाकीचे लहान टेट्राही मॅलाकाइट ग्रीनला नाजूक. यातला एकजण जरी टँकमध्ये असेल तरी सुरुवात अर्ध्या डोसनेच.

कोळंबी आणि गोगलगायी तांब्याच्या औषधाने मरतात, मात्रा माशांना सोसेल इतकीच ठेवली तरी. त्यांना वेगळ्या भांड्यात, मासे नसलेल्या पाण्यात हलवा आणि निदान आठवडाभर परत आणू नका, कारण गोगलगायीच्या शंखावर चिकटून परोपजीवीही येऊ शकतो. होस्ट म्हणून मासा मिळाला नाही तर गरम पाण्यात परोपजीवीचं पोहणारं पिल्लू एकदोन दिवसांत संपतं.

इशारा: तांबं मऊ पाण्यात जास्त विषारी होतं. मुंबई-पुण्यात धरणाचं मऊ पाणी वापरणाऱ्याने बोअरवेलवाल्या मित्राचा डोस जशाचा तसा उचलू नये.

पायरी ५: निव्वळ लिटर काढा

बहुतेक चुका इथे होतात, आणि गणित चौथीतल्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे.

आपल्याकडे टँक फुटांत विकला जातो. काचेच्या आतून इंचात मोजा. लांबी × रुंदी × उंची, त्याला ६१ ने भागा, लिटर मिळतात. ३६ × १२ × १८ इंचांच्या टँकचे होतात सुमारे १२७ लिटर, आणि दुकानदारही ‘सव्वाशे लिटरचा’ असंच म्हणेल. पण वर दीड इंच रिकामं असतं आणि खाली दोन इंच खडी. खडीच्या वर पाण्याची उंची उरली साडेचौदा इंच: ३६ × १२ × १४.५ भागिले ६१, म्हणजे १०३ लिटर. खडीच्या फटींत थोडं पाणी मुरलेलं असतं, दगड आणि लाकूड थोडं पाणी खातात. जमाखर्च बरोबरीत धरा आणि १०० लिटर पकडा.

आता बाटलीवर ‘२० लिटरला १ मिलि’ असेल तर डोस ५ मिलि. १२७ लिटरच्या हिशेबाने टाकला असता तर जवळपास ६.४ मिलि गेला असता, म्हणजे पाव पटीहून जास्त. एंजल सहन करेल, लोच करणार नाही.

थेंबांवर भरवसा ठेवू नका. ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो. मेडिकलमधून सुई नसलेली २ किंवा ५ मिलिची सिरिंज आणा. इन्सुलिनची सिरिंज वापरायचीच असेल तर वरचे आकडे मिलि नाहीत हे लक्षात ठेवा, ते युनिट आहेत. यू-४० सिरिंजवर ४० युनिट म्हणजे १ मिलि, यू-१०० वर १०० युनिट म्हणजे १ मिलि. दोन्ही प्रकार आपल्याकडे मिळतात.

पायरी ६: टँक औषधासाठी तयार करा

पुढचा क्रम मोडू नका.

१. खडीत सायफन फिरवून २५ ते ३० टक्के पाणी काढा. तळाशी साचलेली घाण औषध शोषून घेते, आणि व्हाइट स्पॉटच्या परोपजीवीची कोषासारखी गुठळी तिथेच चिकटलेली असते. सायफन तोंडाने ओढू नका. आज नाही तर उद्या त्या पाण्यात मॅलाकाइट ग्रीन किंवा फॉर्मालिन असणार आहे. नळी पाण्यात पूर्ण बुडवून, टोक अंगठ्याने दाबून बाहेर काढा.

२. तितकंच, त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं पाणी भरा.

३. फिल्टरमधला कार्बन काढा. तो औषध ओढून घेतो. स्पंज आणि सिरॅमिक रिंग तिथेच राहू द्या, फिल्टर चालूच ठेवा. ‘औषध आहे म्हणून फिल्टर बंद’ हा सल्ला अजून काही दुकानांत मिळतो. तो ऐकू नका.

४. यूव्ही दिवा असेल तर बंद. टँकचा दिवाही बंद किंवा मंद, कारण मॅलाकाइट ग्रीन आणि टेट्रासायक्लिन उजेडात लवकर निकामी होतात.

५. एअर पंप लावा, आधीच असेल तर आणखी एक एअर स्टोन सोडा. बरीच औषधं पाण्यातला ऑक्सिजन कमी करतात, आणि पाणी गरम झालं की ऑक्सिजन आपोआप घटतो. वीज जाते त्या भागात बॅटरीवरचा एअर पंप चार्ज करून ठेवा.

व्हाइट स्पॉट असेल तरच: तापमान दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त न वाढवता २८ पर्यंत न्या. एंजल, गप्पी, मॉली, गोरामी असतील तर ३० पर्यंत चालतं. गोल्डफिश, निऑन, कोरी असतील तर २८ वर थांबा. गोल्डफिशना तर आहे त्या तापमानात ठेवून कोर्स लांबवणं बरं.

पायरी ७: पहिला डोस

रविवार किंवा सुट्टीची सकाळ निवडा. रात्री डोस देऊन झोपायला जाणं म्हणजे माशांना नशिबावर सोडणं.

हातमोजे घाला. मॅलाकाइट ग्रीन हे कर्करोगकारक असल्याचा संशय असलेलं रसायन आहे, खाण्याच्या माशांसाठी त्यावर बंदी आहे. फॉर्मालिनच्या बाटलीत तळाशी पांढरा साका बसला असेल तर ती बाटली वापरू नका, तो साका माशांना फार विषारी असतो.

मोजलेलं औषध मगभर टँकच्या पाण्यात मिसळा. पावडर असेल तर कण उरणार नाही इतकी ढवळा. फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे, दहा मिनिटांत थोडं थोडं ओता. एका कोपऱ्यात एकदम ओतलं तर तिथे जो मासा असेल त्याला पूर्ण टँकचा डोस बसतो.

नाजूक मासे असतील तर आज अर्धा डोस. मासे ठीक राहिले तर उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी.

तपासा, पहिला तास: मासे वर येऊन हवा खातायत का? गोल गोल फिरतायत, उड्या मारतायत का? तळाशी आडवे पडतायत का? यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. निम्मं पाणी बदला, नवा कार्बन लावा, हवा वाढवा. औषध पुन्हा देता येईल, मासा परत आणता येणार नाही.

पायरी ८: डोसांच्या मधले दिवस

व्हाइट स्पॉटमध्ये लोक हमखास चुकतात ते इथे, आणि त्याचं कारण रोगाच्या चक्रात आहे. माशाच्या अंगावर जो पांढरा दाणा दिसतो, तो परोपजीवी कातडीखाली असतो, औषध तिथे पोहोचत नाही. तो मोठा होऊन गळतो, खडीला किंवा काचेला चिकटतो, आवरण घेतो. त्या आवरणातही औषध शिरत नाही. आत त्याचे शेकडो तुकडे होतात आणि पिल्लं पोहत बाहेर पडतात. औषधाने मरतात ती फक्त ही पोहणारी पिल्लं.

म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाणे गायब झाले, तर रोग गेला असा त्याचा अर्थ नसतो. दाणे खडीत उतरले आहेत आणि पुढची फौज तयार होते आहे. नेमका याच दिवशी बहुतेक जण औषध थांबवतात, आणि आठवडाभराने दाणे दुप्पट होऊन येतात. पाणी २५ अंशांना असेल तर हे चक्र साधारण आठवड्याच्या आत पूर्ण होतं. १५ अंशांना दोन-तीन आठवडे लागतात. तापमान वाढवण्याचा हेतू इतकाच की परोपजीवी लवकर लवकर बाहेर यावा आणि औषधाच्या तावडीत सापडावा. नुसत्या उष्णतेने तो मरेलच असं धरू नका.

म्हणून क्रम असा. लेबलवर दिलेल्या अंतराने डोस. प्रत्येक डोसाआधी खडीतून सायफन आणि २५ टक्के पाणी बदल. लेबल वेगळं सांगत नसेल तर बदललेल्या पाण्यापुरतंच औषध नव्याने घाला; २५ लिटर बदललं तर २५ लिटरचाच डोस. शेवटचा दाणा दिसेनासा झाल्यावर आणखी पूर्ण एक आठवडा. त्याआधी थांबणं नाही.

रोज अमोनिया तपासा, खाणं एकवेळ, दोन मिनिटांत संपेल इतकंच. उरलेलं अन्न लगेच काढा. मेलेला मासा दिसताक्षणी बाहेर.

मिठाचं काय?

व्हाइट स्पॉटवर मीठ खरंच काम करतं, पण ते सगळ्या टँकना चालत नाही. लिटरला २ ते ३ ग्रॅम, म्हणजे आपल्या १०० लिटरच्या टँकला २०० ते ३०० ग्रॅम. चमच्याने अंदाज न करता स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. साधं खडे मीठ घ्या, आधी मगात विरघळवा, आणि एकूण मात्रा तीन भागांत एक-दीड दिवसात द्या. मॉली, गप्पी, गोल्डफिश आनंदाने सहन करतात. कोरी, लोच, बरेच टेट्रा आणि जवळपास सगळी झाडं सहन करत नाहीत.

मीठ उडून जात नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं आणि वरून भरलं, तर त्या भरलेल्या पाण्यात मीठ घालायचं नाही. बादलीने काढून बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ नव्याने. हे न समजल्याने टँक हळूहळू खारट होत जातो आणि दोष औषधावर येतो.

पायरी ९: काय मिसळायचं नाही

एका वेळी एकच औषध. ‘व्हाइट स्पॉटचं थोडं, बुरशीचं थोडं, जनरल टॉनिक थोडं’ हे मिश्रण टँकमध्ये काय करेल हे बनवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. पोटॅशियम परमँगनेट आणि फॉर्मालिन तर एकत्र आणूच नका. दुसरं औषध द्यायचंच असेल तर आधी निम्मं पाणी बदला, २४ तास कार्बन चालवा, कार्बन काढा, मग सुरुवात.

मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टँकमध्ये रिकाम्या करणं थांबवा. फिल्टरचे जिवाणू मरू शकतात, अमोनिया चढतो, आणि रोगाऐवजी तोच मासे मारतो. बोअरवेलच्या जड पाण्यात टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटून बरंचसं निष्प्रभ होतं, पाणी मात्र तपकिरी आणि फेसाळ होतं. जिवाणूंचा संसर्ग नक्की असेल तर टबात, पशुवैद्यकाला विचारून.

पायरी १०: कोर्स संपल्यावर

एक तृतीयांश पाणी बदला. नवा कार्बन लावा. जुना कार्बन आधीच भरलेला असतो, तो काही ओढत नाही. दोनतीन दिवस चालवून काढून टाका. तापमान वाढवलं तसंच हळूहळू, दिवसाला दोन अंशांनी खाली आणा. दिवा पूर्ववत करा. तांब्याचं औषध वापरलं असेल तर कोळंबी लगेच परत सोडू नका. खडीत तांबं मुरतं. तांब्याच्या टेस्टमध्ये शून्य आलं तरच.

औषधाचं काढलेलं पाणी बाथरूमच्या मोरीत ओता. कुंडीतल्या कढीपत्त्याला किंवा मेथीला घालू नका, सोसायटीच्या तळ्यात तर नाहीच.

जाळी, सायफन, बादली कडक उन्हात पूर्ण वाळवा. ओली जाळी एका टँकमधून दुसऱ्यात गेली की रोगही जातो. आणि पुढचा नवा मासा, कुर्ल्याहून आणा नाही तर क्रॉफर्ड मार्केटमधून, तीन-चार आठवडे त्याच वीस लिटरच्या टबात ठेवा. पिशवीतलं पाणी मोठ्या टँकमध्ये ओतू नका.